सीड

परवा भाच्याने विचारलं, "मामा, सीड कुठलं टाकू?" बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली जिथे महिको काढली त्या जालन्यात हा प्रश्न बियाण्याचा नव्हता, माइनक्राफ्टमधलं जग ज्या आकड्यातून उगवतं त्याचा होता!

त्याला मॉडही घालायचे होते. आता सोपंय: फोर्ज टाका, आवृत्ती जुळवा, फाइल 'मॉड्स' फोल्डरात ठेवा. २०११ च्या सुमारास आम्ही मूळ जार फाइल उघडून, आतल्या फाइली बदलून, मेटा-इन्फ फोल्डर उडवायचो. त्यात मूळ फाइलींच्या सह्या असत. तो राहिला की नुसता काळा पडदा!

अशाच उद्योगात धाकट्या भावाचं चार महिने खपून बांधलेलं गाव गेलं. बॅकअप नव्हता. मी खापर लोडशेडिंगवर फोडलं..

भाच्याला आधी 'सेव्हज' फोल्डरची प्रत काढायला लावली. भाऊ हा ब्लॉग वाचतो. वाचलंस ना रे?