दारूचा जोर मोजायचा कसा?



पुण्याहून नगरच्या रस्त्याला लागलं की वाघोली येते. ही वाघोली पिलाजी जाधवरावांची. शाहू छत्रपतींच्या काळातले हे नामांकित सरदार. 1729 साली छत्रसालाच्या मदतीसाठी थोरले बाजीराव बुंदेलखंडात धावून गेले, तेव्हा पिलाजीही त्यांच्याबरोबर होते. पुढे वाघोलीचं नाव झालं ते दगडखाणींमुळे. 2021 साली हे गाव पुणे महापालिकेत आलं. सरदाराची बंदूक असो की खाणीतला सुरुंग, दोन्हींना प्रश्न एकच: भरलेल्या दारूत जोर किती? कमी भरली तर काम होत नाही, आणि जास्त भरली तर भरणाऱ्याचाच घात होतो. हा जोर मोजायला माणूस कसा शिकला, ते आज पाहू.

त्या काळी प्रत्येक बार हातानेच भरावा लागे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची. माप शिपायाच्या हातात आणि अनुभव त्याच्या कानात! दारू नीट राखावी हे आपल्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्यांवरील दारूखान्याविषयी बजावलेलं आहे, की तो राहत्या घरांपासून दूर असावा, आणि हवालदाराने ठरावीक दिवसांनी दारू बाहेर काढून, ऊन देऊन, पुन्हा मोहोरबंद करून ठेवावी. सह्याद्रीचा पावसाळा ज्याने पाहिला आहे त्याला यातलं शहाणपण सांगायला नको. पण राखणं वेगळं नि मोजणं वेगळं. ऊन दिलेली दारू गोळीला किती वेग देते, हे आकड्यात सांगण्याची सोय तेव्हा जगात कोणाकडेच नव्हती.

ती सोय केली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. त्याचा ग्रंथ 1742 साली निघाला. त्याची युक्ती तुमच्याआमच्या घरातल्या झोपाळ्यासारखी आहे. जड लोलक टांगायचा, त्याला लाकडी फळी बसवायची आणि तीवर गोळी झाडायची. गोळी फळीत रुतते आणि लोलक मागे झोका घेतो. झोका किती लांब गेला हे त्याला बांधलेल्या फितीवरून कळतं. गोळीचं वजन, लोलकाचं वजन आणि झोक्याची लांबी यांवरून गोळीचा वेग हिशेबाने निघतो. गोळी डोळ्यांना दिसत नाही, पण झोका दिसतो! हवा गोळीला केवढा अडथळा करते हेही रॉबिन्सने यातूनच दाखवलं. पूर्वीच्या लोकांना तो अडथळा अगदीच किरकोळ वाटे.

हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनिअर म्हणून 1750 साली हिंदुस्थानात आला. कंपनीचे किल्ले सुधारण्याचं काम त्याच्याकडे होतं. दुसऱ्याच वर्षी मद्रास किनाऱ्यावरच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे तो वारला. पुण्यात तेव्हा नानासाहेब पेशवे कारभार पाहत होते.

मग आपण मागे पडलो ते हात कमी म्हणून का? तसं म्हणता येत नाही. महादजी शिंद्यांनी द बॉयनकडून कवायती पलटणी उभ्या करवल्या. आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली त्यांच्या तोफा ओतल्या जात. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला याच तोफांच्या तोंडी कंपनीची दीड हजारांहून अधिक माणसं मेली नि जखमी झाली. म्हणजे माल चोख होता. पण त्याच वर्षी लढाईच्या ऐन वेळी शिंद्यांच्या नोकरीतले कितीतरी युरोपीय अंमलदार सोडून गेले. त्यांचा वरिष्ठ पेराँही गेला. विद्या माणसांबरोबर आली होती, ती माणसांबरोबरच निघून गेली. आपल्या शाळेत ती रुजली नव्हती.

पुढची मोठी पावलं 1860 नंतरच्या दशकात पडली. बेल्जियमच्या ल बूलांजे या लष्करी अधिकाऱ्याने वेग मोजण्याचं विजेचं यंत्र केलं. गोळी पहिली तार तोडते तेव्हा एक दांडी सुटून खाली पडू लागते. गोळीने दुसरी तार तोडली की एक पातं त्या पडत्या दांडीवर खूण करतं. दांडी किती घसरली ते मोजलं, की दोन तारांमधला वेळ निघतो. त्याच सुमारास इंग्लंडात अँड्र्यू नोबलने नळीतला दाब मोजायला तांब्याची छोटी लाट वापरली. बार उडाला की ती चेपते. जितकी चेपली तितका दाब.

वेग आणि दाब ही दोन वेगळी मापं आहेत, हे ध्यानात ठेवायला हवं. सावकाश जळणारी दारू गोळीला नळीभर ढकलत नेते, तर झपाट्याने जळणारी एकदम धक्का देते. दोन्हींचा वेग सारखा भरेल, पण दुसरी नळी फोडील. पिस्तुलात तर गोष्ट फारच नाजूक. त्याच्या काडतुसात जेमतेम दोन-तीन गुंजा दारू असते. तेवढ्यावर गोळी सेकंदाला साडेतीनशे-चारशे मीटर वेगाने सुटते आणि आतला दाब बाहेरच्या हवेच्या दोन हजार पटींवर जातो. मालमोटारीच्या चाकात तो सात-आठ पट असतो, यावरून अंदाज करा. इथे एका गुंजेची चूक म्हणजे सोनाराच्या दुकानातली चूक नव्हे!

हाताने काडतूस भरणारे लोक दाबाच्या खुणा पाहतात. बुडाची टोपी चपटी झाली का, पितळी पुंगळी अडकली का, तिला चीर गेली का. पण या खुणा मागाहून दिसतात, आणि पिस्तुलात पुष्कळदा मुळीच दिसत नाहीत. तापाने माणूस लाल झाला की मग नाडी पाहायची, तसला हा प्रकार. खरी परीक्षा यंत्राचीच. आपल्याकडे परवान्यावाचून काडतूस बनवणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, आणि त्यामागे हेही एक कारण समजावं.

वाघोलीहून फार लांब नाही अशा खडकीला 1869 साली दारूगोळ्याचा कारखाना निघाला, तो इंग्रजांच्या फौजेसाठी. आज तोच आपल्या देशाचा आहे. शस्त्रसंशोधनाची संस्था 1958 साली खडकीत सुरू झाली आणि पुढे पाषाणला गेली. स्फोटकांची प्रयोगशाळाही पाषाणलाच आहे. शिंद्यांच्या छावणीत जी विद्या पाहुणी होती, ती इथे घरची झाली आहे. आता एखादा अधिकारी निवृत्त झाला तरी त्याची मापं वहीत राहतात, आणि मागून येणारा ती पुन्हा ताडून पाहतो.

शिक्षकबंधूंना एक सुचवावंसं वाटतं. दारूचं नाव न काढता रॉबिन्सचा प्रयोग वर्गात करता येतो. लाकडी ठोकळा दोरीने टांगा, त्यावर मातीचा ओला गोळा हळू फेका, मग जोराने फेका. झोका पट्टीने मोजायला लावा आणि आकडे फळ्यावर मांडायला लावा. न दिसणाऱ्या वेगाचा हिशेब दिसणाऱ्या झोक्यावरून कसा निघतो, हे मुलांच्या हाताला एकदा कळलं की ते विसरायचं नाही.