एक्केचाळिसाव्या पानाची कार्बन

सांगलीत माझ्या वडिलांचं टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. सकाळी परीक्षेची मुलं, दुपारी कोर्टाचे दावे आणि खरेदीखतं, आणि पाऊस ओसरला की नाटकवाले. राज्य नाट्य स्पर्धा जवळ आली की गावातल्या हौशी संस्थांना घाई सुटायची. वहीत खरडलेलं नाटक कुणीतरी घेऊन यायचं आणि म्हणायचं, "ताई, मूळ आणि दोन कार्बन. सेन्सॉरला टाकायचंय." वरची स्वच्छ प्रत मुंबईला जायची, मधली दिग्दर्शकाकडे, आणि सगळ्यात पुसट ती प्रॉम्प्टरच्या हातात. सुमारे पंचवीस वर्षं मी हे काम केलं. किती नाटकं टाइप केली ते मोजलं नाही. पण प्रत्येक नाटकातलं काय गळलं ते मला दिसायचं, कारण पुष्कळ नाटकं मी दोनदा टाइप केली आहेत.

'सेन्सॉर' म्हणजे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ. त्याचं हे पूर्ण नाव तालमीच्या जागेत कुणाच्याच तोंडी नसतं. त्याचं प्रमाणपत्र नसेल तर नाटक स्पर्धेत घेत नाहीत, त्याचा तिकीट लावून प्रयोग होत नाही. संहिता पाठवायची, ती वाचली जाणार, मग शिक्का मारलेली पानं परत येणार. हा क्रम आमच्या इतका अंगवळणी पडला होता की तो कुठून आला असेल हा प्रश्नही मनात येत नसे. मला तो पडला फार उशिरा, इन्स्टिट्यूट बंद केल्यानंतर. मग मी वाचायला लागले, आणि सांगलीहून थेट कलकत्त्याला जाऊन पोचले.

1875-76 च्या हिवाळ्यात इंग्लंडचा युवराज हिंदुस्थान बघायला आला होता. कलकत्त्यातले एक वकील, जगदानंद मुखर्जी, यांनी त्याला आपल्या घरी बोलावलं आणि घरातल्या बायकांनी त्याचं स्वागत केलं. परक्या राजपुत्रासाठी अंतःपुराचं दार उघडलं म्हणून शहर खवळलं. ग्रेट नॅशनल थिएटरनं 'गजदानंद ओ युवराज' नावाचं प्रहसन रंगमंचावर आणलं. पोलिसांनी ते थांबवलं, तेव्हा नाव बदलून पुन्हा केलं. तेही थांबवल्यावर पोलीस अधिकाऱ्यांवरच प्रहसन आलं. 29 फेब्रुवारी 1876 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला: ड्रॅमॅटिक परफॉर्मन्सेस अ‍ॅक्ट, 1876.

एका घरातल्या एका प्रसंगावरून झालेला हा कायदा साऱ्या देशातल्या नटांच्या मानेवर बसला. बदनामीकारक नाटक, सरकारविषयी अप्रीती वाढवणारं नाटक, प्रेक्षकांची नीती बिघडवणारं नाटक, अशी कारणं त्यात सांगितलेली आहेत. हुकूम मोडून प्रयोग केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद. पण मी थबकले ती दहाव्या कलमापाशी. सरकार एखादा भाग जाहीर करू शकतं आणि म्हणू शकतं की इथं परवान्याशिवाय नाटक होणार नाही, आणि प्रयोगाच्या निदान तीन दिवस आधी नाटकाची प्रत आमच्याकडे द्यायची. मी आयुष्यभर जी वरची प्रत टाइप करत आले, तिचा जन्म मला तिथं दिसला.

त्या कायद्यात एक फटही होती. धार्मिक उत्सवातल्या जात्रांना, म्हणजे बंगाली लोकनाट्यांना, आणि तसल्या खेळांना तो लागू नव्हता. देवादिकांच्या गोष्टींना हात लावायला इंग्रज सरकार कचरत होतं. आमच्या नाटककारांना ती वाट बरोबर ओळखू आली, असं मला वाटतं. कायद्याच्या नजरेत नाटकगृहातला प्रयोग काही जात्रा ठरत नव्हता, पण लोकांना पुराणातली गोष्ट तोंडपाठ होती आणि अर्थ लावायला ते तयार होते.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर केसरीत टिळकांच्या हाताखाली काम करत होते. त्यांचं 'कीचकवध' 1907 मध्ये महाराष्ट्र नाटक मंडळीनं आणलं. अज्ञातवासातले पांडव, विराटाच्या राजवाड्यात दासी होऊन राहिलेली द्रौपदी आणि तिच्यावर डोळा ठेवणारा सेनापती कीचक. माजी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांचं नाव नाटकात कुठंही नाही. पण कीचकाच्या मग्रुरीत प्रेक्षकांना कर्झन दिसायचा, द्रौपदीत हिंदुस्थान, संयम राखा म्हणणाऱ्या धर्मराजात मवाळ पुढारी आणि भीमात जहाल. ही जुळवाजुळव फक्त पिटातल्या लोकांनीच केली असं नाही. 'द टाइम्स'चे व्हॅलेंटाइन चिरोल यांनीही ती आपल्या पुस्तकात जशीच्या तशी मांडली आहे.

21 डिसेंबर 1909 च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन यांना अनंत कान्हेरे यांनी गोळ्या घातल्या. जॅक्सन तिथं 'शारदा' बघायला आले होते. जरठ-कुमारी विवाहावरचं ते देवलांचं नाटक, राजकारणाशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. पण नाटकगृह हीच जागा आता सरकारला धोक्याची वाटू लागली असणार. पुढच्याच महिन्यात, जानेवारी 1910 मध्ये, 'कीचकवध'वर बंदी आली. कायदा तोच, कलकत्त्याच्या प्रहसनावरून केलेला. ज्या नाटकात कर्झन नाव नाही त्यावर कर्झनवर टीका केल्याचा आळ. संहितेत जे लिहिलंच नव्हतं, ते लोकांच्या मनात होतं आणि सरकारनं बंदी घातली ती त्या मनावर.

स्वातंत्र्य आलं, संविधान आलं. 19 व्या अनुच्छेदानं बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि त्याच अनुच्छेदाच्या दुसऱ्या खंडात त्याच्या मर्यादाही घातल्या: राज्याची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, अब्रुनुकसानी आणि आणखी काही. मर्यादा असू नयेत असं मी म्हणत नाही. एखाद्याला जातीवरून शिवी देण्याचं किंवा जमावाला कुणाच्या घरावर घालण्याचं स्वातंत्र्य मला नको आहे. माझं भांडण आहे ते 'आधी' या शब्दाशी.

फरक बघा. चंद्रकांत काकोडकर यांची एक गोष्ट 'रंभा' मासिकाच्या 1962 च्या दिवाळी अंकात छापून आली. अश्लील म्हणून खटला झाला, उच्च न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं आणि 1969 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं. सात वर्षं गेली, लेखकाला फार सोसावं लागलं. पण ती गोष्ट लोकांनी वाचलेली होती. पुस्तकाला शिक्षा होते ती छापल्यानंतर. नाटकाला मात्र तोंड उघडायच्या आधीच परवानगी मागावी लागते. एकाच भाषेत, एकाच माणसानं लिहिलेलं एकच वाक्य कथेत असेल तर मोकळं आणि पात्राच्या तोंडी घातलं तर शिक्क्याची वाट बघत उभं.

1953 मध्ये लखनौला इप्टा या नाट्यसंघटनेच्या लोकांनी प्रेमचंदांच्या 'ईदगाह'वर नाटक केलं. मेळ्यातून आजीसाठी चिमटा आणणाऱ्या लहान मुलाची ती गोष्ट, आणि तिच्यावरही 1876 चाच कायदा लावला गेला. 1956 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं तो कायदा संविधानाशी विसंगत ठरवला. आपल्याकडे मात्र तोवर दुसरी वाट पडलेली होती. 1951 च्या मुंबई पोलीस कायद्याखाली नियम झाले, आणि 1960 च्या नियमांच्या नावातच नाटकाच्या ओळीत कॅबरे, मेळे आणि तमाशे बसवलेले आहेत.

तमाशाचं दुःख तर याहून मोठं. स्वातंत्र्याच्या सुमारास खेर मंत्रिमंडळाच्या काळात त्यावर बंदी आली आणि ती उठली ती 'सुधारून घ्या' या अटीवर. पण वगातली बतावणी लिहिलेली नसते. सोंगाड्या समोरच्या गर्दीकडे बघून, कालच्या बाजारात काय घडलं ते ऐकून बोलतो. ती कागदावर कशी उतरवणार? एकदा एक फडमालक माझ्याकडे वग टाइप करायला आले होते. स्वतः निरक्षर. ते बोलत होते आणि मी टाइप करत होते. मधेच थांबून म्हणाले, "बाई, हितं काय बोलंल ते मलाच ठावं न्हाई. तुम्ही चार वळी मोकळ्या सोडा." मी चार ओळी कोऱ्या सोडल्या. पुढं त्यांनीच कुठूनतरी भरून आणलेला मजकूर तिथं टाइप करून दिला. मंचावर ते नक्कीच दुसरं काहीतरी बोलले असणार.

सत्तरच्या दशकात ही सगळी घुसमट विजय तेंडुलकरांच्या नाटकांवरून उघड्यावर आली. 'गिधाडे'मध्ये एका बाईचा गर्भ पडतो आणि तिच्या लुगड्यावर रक्ताचा डाग दिसतो. त्या लाल डागाला हरकत घेतली गेली. डॉ. श्रीराम लागू आणि मंडळींनी डाग निळा केला आणि पडदा वर जाण्याआधी प्रेक्षकांना सांगितलं की हा निळा डाग तुम्ही लाल समजा. त्या प्रयोगाला बसलेल्या माणसाला तो डाग किती लाल दिसला असेल, हे मला सांगायला नको. 1972 मध्ये कमलाकर सारंगांनी 'सखाराम बाइंडर' केलं. निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. काट मागितले गेले आणि सारंग कोर्टात गेले. अ‍ॅडव्होकेट अशोक देसाई त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि मुंबई उच्च न्यायालयात नाटक जिंकलं. पुढं त्या दिवसांवर सारंगांनी 'बाइंडरचे दिवस' लिहिलं. नाटक करणाऱ्या प्रत्येकानं ते वाचावं, इतकं ते मोलाचं आहे.

सोपी नाटकं वाचवायला कुणी लागत नाही. 1998 मध्ये राज्य सरकारनं 'मी नथुराम गोडसे बोलतोय'चे प्रयोग थांबवले तेव्हा माझे वडील हयात होते. लहानपणी त्यांनी गांधीजींना पाहिलेलं होतं. त्या नाटकाचा त्यांना मनापासून तिटकारा होता आणि मलाही आहे. तरी ते म्हणाले, "उत्तर दुसरं नाटक लिहून द्यावं. पोलीस पाठवून देऊ नये." मी त्यांच्याशी वाद घातला होता. गांधींच्या खुन्याला मंच कशाला, असं मला वाटत होतं. आज मला त्यांचं म्हणणं पटतं, आणि ते पटायला मला किती वर्षं लागली तेही आठवतं.

2018 च्या सुरुवातीला संसदेनं 1876 चा कायदा कायमचा पुसून टाकला. निरुपयोगी झालेल्या कितीतरी कायद्यांबरोबर तोही गेला. नाटक आधी तपासून घेण्याच्या पद्धतीविरुद्ध अमोल पालेकर त्याआधीच उच्च न्यायालयात गेलेले होते.

आता ते पान. 1984 च्या सुमाराची गोष्ट. आमच्याच गावातल्या एका शिक्षकानं ऊसतोड कामगारांवर नाटक लिहिलं होतं. पहिली संहिता मी टाइप करून दिली. दोन दिवसांनी ते परत आले, बरोबर संस्थेचे चिटणीस. एक्केचाळीस नंबरचं पान पुन्हा करायचं होतं. मुकादम टोळी मोजतो आहे आणि एक बाई त्याच्यासमोर उभी राहते, असा प्रवेश. तिचं एक वाक्य लाल शाईनं कापलं होतं. मी विचारलं, मुंबईहून काही आलंय का? चिटणीस म्हणाले, "अजून पाठवलंच नाही. पण कशाला वाढवायचं?" शिक्षक काहीच बोलले नाहीत. मी नवं पान टाइप केलं, वाक्य गेलं तिथं ओळ जरा सैल सोडून पान बरोबर भरलं. महिनाभरात संहिता एकही काट न सुचवता मंजूर होऊन आली. संस्थेनं पेढे वाटले, मलाही दिले.

जुनं मूळ पान त्यांनी फाडलं. खालची शेवटची कार्बन माझ्या यंत्राच्या डब्यात राहून गेली. गेल्या महिन्यात घर रंगवायला काढलं तेव्हा ती सापडली. शाई जांभळट झाली आहे, कडा तुटल्या आहेत. भिंग धरलं तर वाचता येतं. ती बाई मुकादमाला म्हणते, "उचल त्यानं घेतली. मग तारण मी कशी?"

नाटकाचा प्रयोग मी पाहिला होता. त्या प्रवेशात ती बाई उभी राहते, मुकादम तिच्याकडे बघतो आणि ती खाली बसते.