१८१८ : स्कॉटलंड आणि आपला मुलूख

स्कॉटलंडचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे धुक्यातील सरोवरे, चौकडीचा किल्ट नेसलेले वादक आणि बॅगपाइपचे सूर उभे राहतात. हे चित्र खोटे नाही. तथापि बेळगाव-निपाणी परिसरातील मराठी माणसाने त्या देशात एवढेच पाहून परतावे, हे आम्हांस अपुरे वाटते. आपल्या मुलखावर राज्य करणारे इंग्रज असे आपण सरसकट म्हणतो. परंतु ज्यांनी हा मुलूख जिंकला, लावून दिला आणि त्याचा इतिहास लिहिला, त्यांतील तीन प्रमुख पुरुष इंग्रज नव्हते, स्कॉट होते. थॉमस मन्रो ग्लासगोचा, मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन डंबार्टनचा आणि जेम्स ग्रँट डफ बॅन्फचा. आमच्या पंधरवड्याच्या प्रवासात या तिघांचा माग घेत आम्ही तो देश पाहिला आणि तेथे जे दिसले त्याने आपल्याच घरातील एका गोष्टीकडे आमचे लक्ष वेधले.

आरंभ ग्लासगोपासून करू. या शहराच्या जुन्या व्यापारी पेठेत व्हर्जिनिया स्ट्रीट, ग्लासफर्ड स्ट्रीट, बुकॅनन स्ट्रीट अशी रस्त्यांची नावे आढळतात. पहिले नाव अमेरिकेतील तंबाखूच्या प्रांताचे, पुढची दोन तंबाखूच्या सावकारांची. अठराव्या शतकात ब्रिटनमध्ये उतरणाऱ्या तंबाखूचा फार मोठा हिस्सा क्लाइड नदीच्या वाटेने येई. त्या पैशावर येथे वाडे उभे राहिले. आणि तो पैसा व्हर्जिनियातील मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांच्या घामाचा होता, हे त्या शहरात आता उघडपणे सांगितले जाते. निपाणीच्या वखारींचा वास ज्याच्या नाकाला लहानपणापासून ठाऊक आहे, त्याला हा इतिहास परका वाटणार नाही. पीक एकाचे, कष्ट दुसऱ्याचे आणि भाव ठरवणारा तिसराच, ही तंबाखूची रीत आपणही पाहिली आहे. १९८१ साली याच भावासाठी निपाणीचे शेतकरी रस्त्यावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतील काहींनी प्राण गमावले.

मन्रोचा जन्म १७६१ चा. त्याचा बाप व्हर्जिनियाशी व्यापार करणारा व्यापारी होता. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध पेटले, तो व्यापार कोसळला आणि मन्रोचे घर बसले. म्हणून हा मुलगा १७७९ मध्ये कंपनीच्या लष्करात कॅडेट होऊन निघाला व पुढील वर्षाच्या आरंभी मद्रासेस उतरला. अमेरिकेतील तंबाखू बुडाली नसती, तर बेळगावच्या किल्ल्यापुढे तो मन्रो उभा राहता ना! पेशवाईच्या अखेरच्या युद्धात हाताशी फौज थोडी असताना त्याने गावोगावचे शिबंदी लोक जमवून दक्षिण महाराष्ट्राचा मोठा भाग घेतला. १८१८ च्या एप्रिलमध्ये, सुमारे तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर, बेळगावचा किल्ला त्याच्या हाती आला. त्याच घडामोडीत निपाणीकरांकडील चिकोडी आणि मनोळी हे तालुके कोल्हापूरकरांकडे गेले. आमची सारी नोकरी महसुलाच्या कागदांत गेली. तेव्हा शेतकऱ्याशी थेट सारा ठरवणाऱ्या रयतवारीचा पुरस्कर्ता म्हणून मन्रोचे नाव आम्हांस आधीपासून परिचयाचे होते. त्याच्या घरच्या दिवाळ्याची हकीकत समजल्यावर, कर्जात बुडालेल्या कुळाकडे तो ज्या बारकाईने पाहत असे, तिचे मूळ कदाचित तेथेच असावे असे वाटून गेले.

एडिंबरोचा किल्ला एका विझलेल्या ज्वालामुखीच्या काळ्या कातळावर बसला आहे. सह्याद्रीतील गड पाहिलेल्या डोळ्यांना त्याची उंची फारशी वाटत नाही; परंतु त्यातील एका दालनापुढे आम्ही बराच वेळ थांबलो. तेथे स्कॉटलंडचा राजमुकुट, राजदंड आणि तलवार ठेवलेली आहे. १७०७ मध्ये स्कॉटलंडची पार्लमेंट इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये विलीन झाली, तेव्हा या वस्तू एका पेटीत घालून खोली बंद करण्यात आली. पुढे शंभर वर्षे त्या तेथे आहेत की इंग्लंडला नेल्या, याविषयीच लोकांना शंका राहिली. अखेर कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याच्या पुढाकाराने परवानगी मिळून ती पेटी उघडली गेली. तो दिवस ४ फेब्रुवारी १८१८ चा. त्याच महिन्यात इकडे साताऱ्याचा किल्ला कंपनीकडे गेला आणि आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले. एका राष्ट्राला आपली हरवलेली राजचिन्हे सापडत होती आणि त्याच राष्ट्राचे पुत्र दुसऱ्या एका राज्याचा शेवट करीत होते. या योगायोगातून कोणताही सिद्धान्त काढण्याचा आमचा हेतू नाही. परंतु १८१८ हे साल यापुढे आम्हांस एकट्या आपल्या दुःखाचे म्हणून आठवणार नाही.

उत्तरेकडील डोंगरी मुलखास हायलँड म्हणतात. ग्लेन्कोच्या खोऱ्यात शिरताना आंबोली-चोर्ल्याच्या पावसाळ्याची आठवण होते. तोच उतरता ढग, तेच कड्यावरून सांडणारे पांढरे पाणी. फरक असा की तेथे झाडी विरळ, आणि ऑगस्टात सारा उतार हेदर नावाच्या झुडपाच्या जांभळ्या फुलांनी भरतो. याच खोऱ्यात १६९२ च्या फेब्रुवारीत पाहुणे म्हणून राहिलेल्या सैनिकांनी पहाटे उठून आपल्या यजमानांची, मॅक्डोनाल्ड कुळातील माणसांची, कत्तल केली. तीन शतके उलटली, तरी अन्न खाऊन केलेला तो घात तेथील माणूस विसरलेला नाही.

पुढे इन्व्हर्नेसजवळ कलोडनचे मैदान आहे. १६ एप्रिल १७४६ रोजी तेथे डोंगरी कुळांचा पराभव झाला. त्यानंतर कायद्याने त्यांचा पोशाखही बंद केला. ही बंदी १७८२ मध्ये उठली. मैदानावर कुळांच्या नावांचे साधे दगड आहेत. ते १८८१ मध्ये, म्हणजे लढाईनंतर एकशे पस्तीस वर्षांनी बसवलेले. ते पाहताना आपल्याकडील वीरगळ डोळ्यांपुढे आले. आपल्या कित्येक गावांत देवळाच्या आवारात असे दगड उभे किंवा आडवे पडलेले असतात. आपण त्यांना तेल-शेंदूर लावतो, पण तेथे कोण, कशासाठी पडला हे विचारीत नाही. येथे एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. प्रत्येक कुळाचा निराळा चौकडी नमुना म्हणून जे आज विकले जाते, ते बहुतांशी एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरोस आला, तेव्हा स्कॉटनेच तो थाट मांडला होता. तात्पर्य, वारसा म्हणून मिरवले जाणारे सारेच जुने नसते. जुने कोणते आणि नवे कोणते हे सांगावयास अस्सल कागद लागतो.

कागदाची किंमत त्या देशाला फार महाग पडून कळली. १२९६ मध्ये पहिल्या एडवर्डने आणि पुढे क्रॉमवेलच्या काळात इंग्रजांनी स्कॉटलंडची दफ्तरे दक्षिणेस नेली. १६६० मध्ये ती परत आणताना एक गलबत बुडाले आणि त्यातील कागद समुद्रात गेले. उरलेल्या दफ्तरांसाठी एडिंबरोत १७७४ मध्ये रजिस्टर हाउस या खास इमारतीचा पाया घालण्यात आला. राज्य गेल्यानंतर सदुसष्ट वर्षांनी त्या लोकांनी आपल्या दफ्तरासाठी वाडा बांधावयास घेतला! तोंडी ठेव्याचीही त्यांनी अशीच तजवीज केली. एडिंबरो विद्यापीठात १९५१ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने खेडोपाडी जाऊन म्हाताऱ्या माणसांची गाणी व कहाण्या ध्वनिफितींवर उतरवून घेतल्या. गेलिक भाषेच्या बाबतीत मात्र त्यांना उशीर झाला. १८७२ च्या शिक्षण कायद्याने तिला शाळेत जागा ठेवली नाही. तिला संरक्षण देणारा कायदा २००५ मध्ये आला. २०११ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे ५७ हजारच उरले होते. रस्त्यावरील पाट्या आता दोन भाषांत आहेत. परंतु घरातून गेलेली भाषा पाटीवरून घरात परत येणे कठीण असते.

आता ग्रँट डफविषयी. ईशान्य किनाऱ्यावर डेव्हरन नदीच्या मुखाशी बॅन्फ हे टुमदार गाव आहे. तेथे १७८९ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ १८१८ मध्ये साताऱ्यास आला, छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी राहिला आणि मायदेशी परतल्यावर त्याने मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत लिहून १८२६ मध्ये प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात उणिवा पुष्कळ आहेत. १८६७-६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने त्यावर सडेतोड टीका लिहिली. पुढे राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दफ्तरे धुंडाळली व १८९८ पासून साधनांचे खंड काढले; १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. आपले आधुनिक इतिहाससंशोधन हे एका अर्थी बॅन्फच्या त्या ग्रंथाला दिलेले उत्तर आहे. ध्यानात घेण्याजोगे हे की, ग्रंथ लिहिता आला तो आपल्या घराण्यांनी जपलेल्या कागदांवरून. आणि खोडून काढता आला तोही तशाच कागदांवरून.

आपल्यापैकी कित्येक घराणी कोकणातून वा देशावरून या मुलखात येऊन स्थिरावली, त्यास चार-सहा पिढ्या झाल्या. इनाम कमिशनच्या चौकशीत, विशेषतः १८५२ च्या कायद्यानंतर, हक्क शाबीत करण्यासाठी सनदा लागत. म्हणून आजे-पणज्यांनी मोडीतील कागद रुमालात बांधून माळ्यावर जपले. इनामे गेली, तशी त्या रुमालांची गरजही संपल्यासारखी झाली. वाडे पाडून इमारती उठत असताना असे रुमाल रद्दीत गेल्याची उदाहरणे आम्ही याच परिसरात पाहिली आहेत. घरच्यांना त्यात दोष वाटला नाही, कारण ते कागद घरात कोणालाच वाचता येत नव्हते. मोडी ही आपली गेलिक होय.

पेशवे दफ्तरात आणि कोल्हापूरच्या पुरालेखागारात राज्यकर्त्यांचे कागद सुरक्षित आहेत. परंतु कोणत्या दुष्काळात कोणाचे शेत गहाण पडले, कोणत्या विधवेने वाटणी मागितली, कोणते कूळ कोठून आले, हे बव्हंशी घरच्या रुमालातच सापडणार. म्हणून आमची वाचकांस विनंती एवढीच, की या दिवाळीपूर्वी माळा साफ करताना रुमाल सोडून पाहावा. कागद उन्हात न टाकता सावलीत मोकळे करावेत, चिकटपट्टी लावू नये, त्यांची छायाचित्रे घेऊन क्रमवार यादी करावी आणि मगच ते कोणा संस्थेस द्यावयाचे की घरी ठेवावयाचे हे ठरवावे. घरातील एका तरी मुलास किंवा मुलीस मोडी शिकवावी. रोज तासभर बसल्यास दोन-तीन महिन्यांत अक्षर लागू लागते. एडिंबरोच्या किल्ल्यातील पेटी उघडण्यासाठी राजाची परवानगी लागली होती. आपल्या माळ्यावरचा रुमाल सोडण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही.