बंबवाल्याचा दाखला



१४ एप्रिल म्हटले की आपल्याला बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच दिवशी देशभर अग्निशमन दिनही पाळला जातो, हे बंबखान्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. १९४४ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळीत होते त्या काळात, याच तारखेला मुंबईच्या गोदीत ६६ बंबवाले कामावर असताना मेले.

व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज दोन दिवसांपूर्वी लागले होते. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि जोडीला कापसाच्या गाठी. (असा माल एकत्र भरणाऱ्याच्या बुद्धीला दोष द्यावा की युद्धाच्या घाईला, ते तुम्हीच ठरवा.) दारूगोळा असल्याची खूण म्हणून लावायचे तांबडे निशाणही लावलेले नव्हते. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. धक्क्यावरील पंपाच्या नायकाने आपल्या माणसाला टेलिफोनकडे पिटाळले. मोठ्या आगीची वर्दी ठरलेली होती : ‘नंबर दोन’. टेलिफोनला उत्तर मिळेना, म्हणून त्या माणसाने जवळच्या वर्दीच्या पेटीची काच फोडली. पण त्या पेटीतून जाई ती साध्या आगीची वर्दी. ठाण्याने रिवाजाप्रमाणे दोन बंब धाडले. त्यांच्याबरोबर आलेल्या अधिकाऱ्याने दारूगोळ्याची गोष्ट कळताच खरी वर्दी दिली, तेव्हा कुठे बाकीचे बंब निघाले.

ती मिनिटे वाचली असती तर जहाज वाचले असते, असे मी म्हणत नाही. जहाज बुडवावे की आग विझवावी, हे सांगणारा एक मुखत्यार तेथे नव्हता; कप्तान, गोदीचे अधिकारी, दारूगोळ्याचा अधिकारी, बंबांचे मुख्य कूम्ब्स, सारेच हजर होते. ४ वाजून ६ मिनिटांनी जहाज फुटले, तेव्हा नळ्या धरलेली माणसे नळ्या धरूनच होती. मला त्या काच फोडणाऱ्या माणसाचाच विचार सतावतो. त्याला काम येत नव्हते असे नाही. गडबडीच्या क्षणी हाताला जे सवयीचे होते तेच हाताने केले.

स्वातंत्र्यानंतर या धंद्याला रीतसर शिक्षण मिळाले. १९५६ साली रामपूर येथे राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय निघाले व पुढच्याच वर्षी ते नागपुरास आले. तेथून दाखला घेऊन माणसे गावोगावच्या बंबांवर गेली. पण दाखला घेतला त्या दिवशी जे येत होते ते पंधरा वर्षांनी येते काय? आपल्या राज्याच्या २००६ च्या कायद्यात इमारतीतील आगीची साधने ठीक आहेत असा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यावा लागतो. त्या कलमात साधने आहेत. ती चालवणारा माणूस नाही. उलट, दाभोळ-गुहागरकडची आपली मुले बोटीवर जातात, त्यांना आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१० च्या मनिला दुरुस्तीप्रमाणे दर पाच वर्षांनी आग विझविण्याचे कौशल्य टिकून असल्याचा पुरावा द्यावा लागतो. समुद्रावर जे लागते ते किनाऱ्यावर नको काय? शिवाय बंबवाल्याला आता केवळ आगीचे शिकून भागत नाही, हे २२ जुलै २०२१ चा पूर पाहिलेल्या चिपळूणकरांना मी काय सांगावे!

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातील एका कारखान्याने आगीच्या पथकातील कामगारांची दर तीन वर्षांनी परीक्षा घेण्याचे काढले. नापास होईल त्याचा भत्ता बंद. मी फाटकावर सभा घेतली आणि परीक्षा हाणून पाडली. माझ्या गळ्यात हारही पडले. पुढच्या पावसाळ्यात गोदामात लहानशी आग लागली. पथकातील एकाने श्वासयंत्र चढविले, पण मुखवट्याचे पट्टे नीट आवळले नाहीत आणि धूर आत शिरला. तो तीन आठवडे इस्पितळात होता. दाखला त्याच्यापाशी होता, नऊ वर्षांपूर्वीचा. मी भेटायला गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, “दादा, हात विसरले.”

मालकाचा डोळा भत्त्यावर होता, हे मी आजही म्हणतो. पण मालकाच्या परीक्षेबरोबर मी कामगाराचे शिक्षणही फाटकाबाहेर घालविले. आता आमच्या मागणीपत्रात तीन कलमे आहेत : दाखल्याला मुदत असावी, नूतनीकरणाचा सराव कामाच्या वेळात, पगारी व्हावा, आणि जो कमी पडेल त्याला भत्ता चालू ठेवून पुन्हा शिकवावे. पहिली दोन मान्य झाली आहेत. तिसऱ्यावर बोलणी चालू आहेत.