मुक्तस्रोत प्रणाली आणि भारतीय मोबाईल बाजारपेठ (२०१४ ते २०१८)

मोबाईलवरील मुक्तस्रोत प्रणालींचा इतिहास बहुधा अँड्रॉइडच्या यशापाशी थांबतो. वस्तुतः ऑगस्ट २०१४ मध्ये मोझिला या संस्थेच्या 'फायरफॉक्स ओएस' प्रणालीवर चालणारा इंटेक्सचा फोन भारतात अवघ्या १,९९९ रुपयांत विक्रीस आला होता. लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेली ही प्रणाली टिकली नाही. अँड्रॉइडचे फोनही स्वस्त होत गेले आणि डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलाने त्या फोनची विक्री थांबवीत असल्याचे जाहीर केले.

तथापि तिची आज्ञावली खुली होती. तिच्यातूनच 'कायओएस' ही प्रणाली निर्माण झाली व तिच्यावर आधारलेला जिओफोन २१ जुलै २०१७ रोजी रिलायन्सच्या मुंबईतील वार्षिक सभेत घोषित झाला. १,५०० रुपयांची परतावायोग्य अनामत, २२ भारतीय भाषांची सोय आणि परिचित बटणे! लोह्यासारख्या तालुक्याच्या गावातील वापरकर्त्यास तो परका वाटण्याचे कारण नव्हते. मात्र त्यात जिओखेरीज अन्य सिम चालत नसे. मुक्त परवान्याचा लाभ येथे उत्पादकास झाला, ग्राहकास निवडीचे स्वातंत्र्य लाभले नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

फायरफॉक्स ओएसच्या पीछेहाटीचे एक कारण व्हॉट्सॲपचा अभाव हे होते. जिओफोनवर ते सप्टेंबर २०१८ मध्ये उपलब्ध झाले.