दूरचा हकीम

टेलिमेडिसिनचा विषय निघाला की ‘मराठवाड्यातली माणसं अजून तयार नाहीत’ हे वाक्य हमखास कानावर पडतं. मला ते पटत नाही, कारण दुरून इलाज आपल्याकडे नवा नाही. युनानी हकीम नब्ज बघत, तसाच कारुरा, म्हणजे लघवीचा नमुनाही तपासत. पडद्यातली बाई घरीच असायची आणि तिची बाटली घेऊन घरातलं कुणीतरी हकीमसाहेबांकडे जायचं. बाटलीसोबत तिचा हाल सांगणारा माणूस असायचा, हे विसरू नये.

लांब जायचीही सवय होती. १९०० च्या सुमारास हैदराबाद–मनमाड रेल्वे सुरू झाली आणि नांदेडला हैदराबाद जवळ आलं. लातूरचं तोंड पश्चिमेला. बार्शी लाइटची छोटी गाडी पुढे कुर्डूवाडी, पंढरपूर करत मिरजेपर्यंत जाऊ लागली. तिथं डॉ. वानलेस यांचं १८९४ पासूनचं मिशन हॉस्पिटल. तिथं गुण येतो, एवढी ख्याती पुरेशी होती.

पुढे इस्रोच्या उपग्रहामार्फत मुंबईचं केईएम काही जिल्हा रुग्णालयांशी जोडलं गेलं, त्यात लातूरही होतं. पेशंटजवळ तेव्हा इथला डॉक्टर असे. एप्रिल २०२० मध्ये, ऐन लॉकडाऊनमध्ये, ई-संजीवनी ओपीडी थेट घरच्या मोबाइलवर आली आणि हाल सांगणारा मधला माणूसच गायब झाला.

नकार सुरू होतो तो इथून. देगलूर नाक्यावरच्या कित्येक घरांत स्मार्टफोन एकच, तोही नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. अंगावरून जातंय हे बाईनं पोराच्या फोनवर, त्याच्यादेखत कसं सांगायचं? शिवाय दखनीत ‘जी घबरारा’ म्हटलेलं परजिल्ह्यातल्या डॉक्टरला कळेलच असं नाही. औषधाची चिठ्ठी मोबाइलवर आली तरी गोळ्यांसाठी तालुक्यालाच जायचं असेल, तर डॉक्टरलाही तिथंच दाखवू, हा हिशेब रोजंदारीवरच्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही.

उपकेंद्रात मात्र समुदाय आरोग्य अधिकारी शेजारी बसतात, बीपी मोजतात, मग डॉक्टरला जोडून देतात. उदगीरकडच्या आमच्या खाला तिथं बिनतक्रार बसतात. फक्त पडद्यावर चेहरा दिसला की आधी विचारतात, “तुमे कां के जी?” गाव कळलं की मग गुडघ्याचं काढतात.