वतन, जोहार आणि ‘मान’ : कोल्हापूर संस्थानातील एक धडा

महार वतनाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा जमिनीचे क्षेत्र, बलुत्याचे प्रमाण आणि कायद्याची कलमे यांवर स्थिरावते. ते आवश्यकच आहे. परंतु वतन ही केवळ जमीनधारणेची पद्धत नव्हती. माणसाने कोणते काम करावे, कोणासमोर कसे उभे राहावे, हे त्याच्या जन्माआधीच इतरांनी ठरवून ठेवणारी ती व्यवस्था होती. ती मोडण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९१८ ते १९२० या काळात कोल्हापूर संस्थानात झाला. पाली वाङ्मयातील ‘मान’ या संकल्पनेच्या साहाय्याने त्या प्रयत्नाचा अर्थ लावणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गावची वेस राखणे, साऱ्याच्या वसुलीसाठी रयतेस चावडीवर बोलावणे, सरकारी खजिना पुढील गावी पोहोचविणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, मेलेली गुरे ओढणे, मृत्यूची वार्ता परगावी नेणे ही वतनदार महाराची कामे होत. त्यांना वेळेची मर्यादा नव्हती. मोबदला म्हणजे तुकड्यातुकड्यांनी वाटली गेलेली जमीन, खळ्यावरचे बलुते आणि दारोदार मागितलेली भाकर. परंपरेने या मोबदल्याला ‘हक्क’ म्हटले. बिदरच्या बादशहाने दिलेल्या ५२ हक्कांची कथा पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने सांगितली गेली. वाटेत भेटणाऱ्यास ‘जोहार’ घालणे हेही त्याच जीवनाचे अंग होते. बंधनालाच हक्काचे नाव मिळाले की ते सोडणे म्हणजे काहीतरी गमावणे, असे वाटू लागते. वतनाचे खरे बळ येथेच होते.

छत्रपती शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात महार वतन रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. त्याच वर्षी कुलकर्णी वतनेही रद्द होऊन त्यांच्या जागी पगारी तलाठी आले. महार, मांग, रामोशी आदी जातींना लावलेली हजेरीची पद्धतही त्याच वर्षी बंद झाली. जमीन रयतावा होण्याचा अर्थ नीट ध्यानी घेतला पाहिजे. यापुढे ती जमीन सेवेच्या मोबदल्यात नव्हे, तर इतर रयतेप्रमाणे सारा भरून धारण करावयाची होती. म्हणजेच स्वतंत्र होण्यास किंमत होती. परंतु ती पैशात मोजता येणारी, एकदा भरली की कोणाचे देणे न उरणारी किंमत होती.

कायदा झाला तरी पोटाचा प्रश्न उरतोच. या संदर्भात गंगाराम कांबळे यांची हकीकत कोल्हापुरात आजही सांगितली जाते. राजवाड्यातील नोकरीत असताना पाण्यास शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. पुढे महाराजांच्या प्रोत्साहनाने त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नावाचे चहाचे हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न होता. महाराज स्वतः तेथे जाऊन चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही देऊ लागले. या हकिकतीत राजाच्या औदार्याची स्तुती पुष्कळ होते. परंतु दुकानाची पाटी लावून, आपल्या हातचा पदार्थ उघडपणे विकावयास बसणाऱ्या माणसाचे धैर्य दुर्लक्षिले जाते. गिऱ्हाईक येण्याआधी दुकान उघडावे लागते, आणि ते गंगाराम कांबळे यांनी उघडले होते.

यानंतर २१ व २२ मार्च १९२० रोजी कागल जहागिरीतील माणगाव येथे परिषद भरली. अध्यक्षस्थानी २८ वर्षांचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांचे ‘मूकनायक’ सुरू झाले होते आणि त्यास महाराजांनी २५०० रुपयांचे साहाय्य केले होते. तुम्ही आपला खरा पुढारी शोधून काढला आहे, अशा आशयाचे उद्गार महाराजांनी परिषदेत काढले. ज्यांचे पुढारीपण आजवर इतरांनी केले, त्यांनी आता स्वतःच्या वतीने बोलावे, हा त्याचा अर्थ होता.

आता ‘मान’ या शब्दाकडे वळू. मराठीत मान म्हणजे आदर किंवा मानपान. पालीत मात्र मान म्हणजे दुसऱ्याशी तुलना करून स्वतःचे मोजमाप करणारी वृत्ती. संयुत्तनिकायातील सोणसुत्तात भगवान बुद्धांनी तिची तीन रूपे सांगितली आहेत : मी श्रेष्ठ आहे, मी समान आहे, मी हीन आहे. अहंकार श्रेष्ठतेत असतो हे सर्वांना कळते. परंतु ‘मी हीन आहे’ हाही मानच, हे येथील विशेष आहे. कारण तिन्ही ठिकाणी मापनाची काठी दुसऱ्याच्या हाती असते.

थेरगाथेतील सुनीत थेर यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. हीन मानलेल्या कुळात जन्मून कोमेजलेली फुले झाडून काढणारे सुनीत, आपण मन खाली घालून बहुत जनांना वंदन करीत असू, असे सांगतात. जोहाराची याहून जुनी हकीकत क्वचितच सापडेल. येथे एक आक्षेप संभवतो : हीनतेची भावना हा मनाचा दोष म्हटला, तर पीडितालाच दोषी ठरविल्यासारखे होत नाही काय? सुनीतांचे चरित्रच त्याचे उत्तर देते. त्यांचे मन त्यांनी नव्हे, समाजाने खाली घातले होते. आणि ते वर उचलले गेले तेव्हा संघात त्यांना प्रत्यक्ष जागा मिळाली होती. मनाच्या मुक्तीला बाहेरील आधार लागतो. कोल्हापुरात तो आधार कायद्याने आणि स्वतंत्र धंद्याने दिला.

याच कोल्हापुरातील वेदोक्त प्रकरण तुलनेसाठी घ्यावे. १८९९ च्या सुमारास, छत्रपतींना वेदोक्त मंत्रांचा अधिकार नाही, असे राजपुरोहितांनी ठरविले. महाराजांनी तो अधिकार आग्रहाने मागितला आणि त्या संघर्षातून ब्राह्मणेतर चळवळीस मोठे बळ मिळाले. तरीही वेदोक्ताची मागणी जुन्याच मापावर वरची खूण मागणारी होती. वतनाचा त्याग आणि पुढे धम्मदीक्षा यांनी ते मापच नाकारले. राजालाही जे माप स्वीकारावे लागत होते, ते प्रजेतील सर्वांत खालच्या मानलेल्या माणसाने टाकून दिले, हे या इतिहासाचे मोठेपण आहे.

ब्रिटिश मुलखात हा लढा लांबला. वतनाने महारांची महत्त्वाकांक्षा मारली, असे विवेचन बाबासाहेबांनी १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारता’तून केले. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक त्यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडले. १९२९ मध्ये ते मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा १९५८ मध्ये झाला. तो बाबासाहेबांना पाहता आला नाही. परंतु कायद्याची वाट न पाहता असंख्य वस्त्यांनी मेलेली गुरे ओढणे सोडले होते आणि ‘जोहार’ जाऊन ‘जय भीम’ आला होता.

आज वतन नाही, परंतु माप टिकून आहे. भाड्याच्या घरासाठी आडनाव लपविणारा तरुण आणि कर्ज काढून लग्नात मानपान करणारा पिता, दोघेही ‘लोक काय म्हणतील’ या एकाच काठीने स्वतःला मोजतात. त्यांना दूषण देणे सोपे आहे. त्याऐवजी आपल्या विहारांनी साध्या मंगल परिणयाची प्रथा बळकट करावी, घर नाकारल्या गेलेल्या विद्यार्थ्याच्या निवाऱ्याची सोय पाहावी आणि नव्या धंद्यात पडणाऱ्या तरुणाचे पहिले गिऱ्हाईक व्हावे. अत्तदीप होण्याचा उपदेश आपण दर पौर्णिमेस ऐकतो. तो ऐकणाऱ्यास असा आधार देणे हे संघटित समाजाचे काम आहे.